पिल्लांचं पाणी

शेडवर पिल्लं यायची ती पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. एका दिवसाची, मुठीत मावणारी, पिवळी. टेम्पो दाराशी लागला की बायका हातातलं काम टाकून आत जात. एकेक पिल्लू उचलायचं, त्याची चोच पाण्यात बुडवायची, त्यानं मान वर करून घोट गिळला की भुशावर सोडून द्यायचं. यंत्राच्या उबेत जन्मलेल्या पिल्लाला पाणी कुठं आहे हे कोण सांगणार? पहिला घोट माणसानंच पाजावा लागतो.

तो पहिला घोट पावडरचा असे. टाकीत पावडर कालवली की पाण्याला किंचित पिवळी झाक येई आणि कडवट वास सुटे. पावडर घातली नाही तर पिल्लांना हगवण लागे, मागची पिसं चिकटून जात आणि सकाळी भुशावर मेलेल्या पिल्लांचा सडा पडलेला असे. शेडवर त्याला 'मर' म्हणत. मर लागली की मालक सुपरवायझरवर ओरडे, सुपरवायझर टाकीवाल्यावर, आणि टाकीवाला घरी येऊन ताटावर. म्हणून पावडर पहिल्या दिवसापासून, पिल्लू आजारी असो नसो, रोज.

कामगारांच्या खोल्या शेडच्या मागच्या अंगाला होत्या. एका ओळीत, पत्र्याच्या, एकमेकींना पाठ लावून बसल्यासारख्या. एका वर्षी उन्हाळ्यात तिथल्या पोरांना जुलाब लागले. नळाला गढूळ पाणी येत होतं. काही लेकरं गेली. एका घरातलं मूल मात्र ठणठणीत राहिलं. कारण काय, तर त्याची आई आळशी. नळाच्या रांगेत उभं राहायचा तिला कंटाळा, म्हणून ती शेडमधल्या टाकीचंच पाणी भरून आणायची. बाकीच्या बायकांनी काय ते ताडलं. तेव्हापासून प्रत्येक घरात रांगत्या मुलाला सकाळी चमचाभर पिल्लांचं पाणी मिळू लागलं. औषध म्हणून कुणी देत नव्हतं. औषध दुखणं आल्यावर देतात. हे तर पाणी होतं, आंघोळीसारखं रोजचं.

आणि पोरं खरंच बाळसेदार झाली. बाजारातली माणसंसुद्धा म्हणत, शेडवरची पोरं बघावीत, कशी लोण्याचे गोळे.

टाकीवाल्याचा मुलगा त्यांतला सगळ्यांत मोठा गोळा. सव्वा वर्षाचा. गालांमुळे डोळे बारीक दिसायचे, म्हणून सगळे त्याला बोका म्हणत. त्याची आजी शेडमध्ये झाडलोट करी. येणाऱ्याजाणाऱ्यापुढं ती बोक्याचे दंड दाबून दाखवायची. "बघा. दवाखान्याची पायरी चढला नाही अजून."

"अहो आई, किती मिरवता," बोक्याची आई म्हणे.

"मिरवू नको तर काय करू? तुझा नवरा मिरवण्याजोगा आहे का?"

टाकीवाला ऐकून न ऐकल्यासारखं करी. दिवसातून दोनदा टाकी धुणं आणि पावडर कालवणं हे त्याचं काम. अबोल माणूस. पण त्या हंगामात तो जेवता जेवता अधूनमधून बोलू लागला होता. मर वाढत होती. पावडर दीडपट केली, दुप्पट केली, तरी मर हटेना.

"पावडर मुरली आता," तो बायकोला म्हणाला. "रोगाला तिची ओळख झाली. पूर्वी चिमूट टाकली की दुसऱ्या दिवशी पिल्लं उड्या मारायची. आता ओंजळ टाका, नाहीतर पोतं टाका."

मालकानं नवी पावडर आणली. चांदीसारख्या चकचकीत जाड पिशव्यांतून. त्यानं सगळ्यांना टाकीपाशी उभं केलं आणि सांगितलं, "ही जबर आहे. आणि एक ऐकून ठेवा. आपण काय घालतो याची बडबड बाहेर नको. माल उचलणारे लोक हल्ली विचारतात. ज्याच्या तोंडातून गेलं, त्याची खोली रिकामी."

नव्या पावडरीनं मर थांबली. पाण्याला रंग नाही, कडवटपणा नाही. पोरं मिटक्या मारून प्यायला लागली. आजी खूश झाली. पिशव्याही मजबूत होत्या, पाणी आत शिरत नसे. बायकांनी त्या धुऊन, उलट्या करून कपड्यांना, खाऊला, कशाकशाला वापरायला घेतल्या. नाव आत, चांदी बाहेर.

बोक्याला पहिल्यांदा पातळ झालं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. शेजारीण दारात येऊन डोकावून गेली. तिचा आवाज शेडच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जाई, म्हणून तिला पाठीमागं सगळे भोंगा म्हणत. समोर वहिनी.

"काहीतरी तोंडात घातलं असेल मेल्यानं," वहिनी म्हणाली. "माझी पोरगी मुंगी काल चप्पल चघळत होती. दोन चमचे जास्त पाज, थांबेल."

आजीनं दोन चमचे जास्त पाजले. मग आणखी दोन. दुपारपर्यंत बोक्याचं ढुंगण लाल झालं. संध्याकाळी त्याच्या लंगोटात शेंबडासारखं काहीतरी पडलं आणि त्यात लाल दोरे होते. कोंबडीच्या पिल्लांत आईनं असं पाहिलं होतं. माणसाच्या पिल्लात पाहिलं नव्हतं.

खाद्याचा टेम्पो परत जात होता. त्यात रिकाम्या पोत्यांवर बसून तिघं बोक्याला घेऊन दवाखान्यात गेली.

मुलांचा वॉर्ड लांबट होता. भिंतीला अर्ध्यापर्यंत हिरवा रंग, वर चुना. खाटेला खाट लागून. डॉक्टरीणबाई वयानं तरुण होत्या, पण आवाज बाळंतपणातून उठल्यासारखा थकलेला. त्यांनी बोक्याचे डोळे पाहिले, तोंडात बोट घालून जीभ पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही. हळूहळू बसली.

"लघवी कधी केली?"

आईला आठवेना. आजीला आठवेना.

"इथं यायच्या आधी काही औषध दिलं होतं? गोळी, सिरप, कुणी सांगितलेली पुडी?"

"नाही," आई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

"आमच्या घरात औषध लागतच नाही हो," आजी म्हणाली. अशा वेळीही तिच्या आवाजात जरा ऐट होती.

टाकीवाला खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं, मग जमिनीकडं पाहिलं.

सलाईन लागलं. मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला आईच्या हातात दिला, घोट घोट पाजत राहा म्हणून सांगितलं. रक्त पडतंय म्हणून एक औषध सुरू झालं. "साधारण दुसऱ्या दिवशी फरक दिसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बोक्याची शी एका छोट्या डबीत घालून तपासायला खाली पाठवली. तिथं जंतू वाढवून बघतात, त्याला वेळ लागतो, असं नर्सनं सांगितलं.

"जंतू वाढवतात?" आजी कुजबुजली. "आहेत तेवढे पुरत नाहीत का यांना?"

दुसऱ्या दिवशी फरक दिसला तो उलटा. ताप चढला. रक्त वाढलं. बोका रडायचा थांबला, आणि सगळ्यांत वाईट तेच होतं. त्याचे गाल उतरले तसे डोळे मोठे दिसू लागले. आईला वाटलं, हे कुणाचं मूल आहे? इतके मोठे डोळे माझ्या मुलाला कधी होते?

डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं. आता इंजेक्शन. तेही एक दिवस गेलं. शेजारच्या खाटेवरचं मूल, बोक्यानंतर आलेलं, उठून बसलं, केळं मागू लागलं. त्याच्या आईनं लाजून पाठ फिरवली, आपलं मूल बरं होतंय हा जणू तिचाच गुन्हा.

फेरीच्या वेळी डॉक्टरीणबाई बोक्याच्या खाटेपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. त्या नर्सशी बोलत होत्या, पण आईच्या कानावर पडलं.

"काहीच लागू पडत नाही. पहिलं नाही, दुसरं नाही. या जंतूला जणू औषधांची आधीपासून ओळख आहे." मग त्या आईकडं वळल्या. "एक औषध मी मागं ठेवलं होतं. मूत्रपिंडाला जड जातं म्हणून एवढ्याशा मुलाला आम्ही ते सहसा देत नाही. त्याला लघवी कमी होतेय, त्यामुळं धोका आहे. पण आता थांबता येणार नाही. दुपारी ते सुरू करते."

त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. ओळख. हा शब्द आईनं याआधी कुठं ऐकला होता ते तिला शोधावं लागलं नाही. जेवणाच्या ताटावर ऐकला होता. रोगाला पावडरची ओळख झाली.

ती उठली आणि नवऱ्याला हाताला धरून बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. सासू पाठोपाठ आली.

"पावडर म्हणजे काय असतं?" तिनं विचारलं.

"काय असतं म्हणजे? पावडर."

"अहो, औषध असतं का ते?"

टाकीवाल्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं. "कोंबड्यांचं. कोंबड्यांचं औषध माणसाला कसं लागू होईल? काहीतरीच तुझं."

"लागू होत नाही, तर आपण पाजत कशाला होतो?"

भिंतीवर कुणीतरी नखानं चुना कोरला होता, टाकीवाला तिथंच आणखी कोरू लागला.

"मी डॉक्टरीणबाईंना सांगते."

"सांग," सासू म्हणाली. "सांग आणि मग पोराला घेऊन कुठं जाणार तेही सांग. खोली मालकाची. नोकरी मालकाची. त्यानं काय बजावलंय ते ऐकलंस ना? आणि एकट्या आपल्या डोक्यावर छप्पर आहे का तिथं? ओळीतल्या सगळ्या बायका तुझ्या नावानं खडे फोडतील."

"छपराखाली ठेवायला पोर तर उरू द्या, आई."

"पाण्यानं कधी कुणी मेलं आहे का? माझ्या हातानं पाजलंय मी त्याला. रोज." म्हातारीचा आवाज फाटला. "माझ्या हातानं."

सासूच्या या शेवटच्या शब्दांत छपराची भीती नव्हती, हे आईला कळलं. ती दुसरीच भीती होती, आणि तिच्यावर कुणी काय बोलावं?

ती आत गेली तेव्हा नर्स ट्रे घेऊन खाटेपाशी आली होती. छोटी बाटली, सिरिंज, कापसाचा बोळा. डॉक्टरीणबाई सिरिंज उचलून बोक्याची शीर शोधत होत्या.

"बाई, थांबा. मी नाही म्हणाले होते ते चुकीचं आहे," आई म्हणाली. "आम्ही त्याला पाणी देतो."

"कसलं पाणी?"

तिनं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं की बाई मध्येच हसतील, किंवा ओरडतील. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. सिरिंज धरलेला हात त्यांनी खाली घेतला.

"रोज?"

"रोज. चमचाभर. रांगायला लागल्यापासून."

"पावडरचं नाव काय?"

आईनं नवऱ्याकडं पाहिलं. टाकीवाल्याला नाव माहीत नव्हतं. जुनी पावडर पिवळी होती, नवी पांढरी. कधी विचारलंच नव्हतं कुणी. "मी परत जाऊन घेऊन येतो," तो म्हणाला, "पण टेम्पो संध्याकाळीच..."

तेवढ्यात आजी खाटेपाशी आली. बोक्याचे धुतलेले कपडे ज्या पिशवीत घालून आणले होते, ती पिशवी पहिल्या दिवसापासून उशापाशी पडून होती. चांदीसारखी चकचकीत. तिनं ती उपडी केली. झबली, टोपी, लंगोट, सगळं चादरीवर पडलं. मग तिनं पिशवी हात घालून उलटी केली, छापलेली बाजू वर आणली, आणि डॉक्टरीणबाईंच्या पुढं धरली.

डॉक्टरीणबाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग ट्रेवरची बाटली उचलून शेजारी धरली.

"हेच आहे," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून असं नाही. "जे मी शेवटचं म्हणून मागं ठेवलं होतं, ते हे कोंबड्यांच्या टाकीत ओततायत. पोत्यानं."

नर्स ट्रे धरून तशीच उभी.

"परत घेऊन जा," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. "रोज घोट घोट देऊन जो जंतू पोसला, तो याला भीक घालेल असं मला वाटत नाही. उगाच पोराची मूत्रपिंडं मात्र जायची." मग आईला, "आत्ता सांगितलंत ते बरं झालं. संध्याकाळी सांगितलं असतं तर उपयोग नव्हता."

"मग आता काय देणार?"

"पाणी."

आईला वाटलं बाई टोमणा मारतायत. पण त्या गंभीर होत्या.

"मीठ-साखरेचं पाणी. शिरेतून सलाईन, तोंडानं चमचा. जितकं अंगातून जातंय तितकं आत घालायचं. खालून तपासणीचं कळेपर्यंत मी दुसरं काही देत नाही. लढायचं ते त्याचं त्यानं. आपण फक्त त्याला वाळू द्यायचं नाही. जमेल?"

जमेल का, हे विचारायची ती वेळ नव्हती. आईनं पेला उचलला. एक चमचा, मग ओठ हलायची वाट, मग दुसरा. बोका ओकला की थोडं थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. तिचा हात भरून आला की सासू चमचा घेई, सासू दमली की टाकीवाला. आयुष्यात पाणी भरणं हेच ज्याचं काम, त्या माणसाला चमच्यानं पाणी पाजता येत नव्हतं. अर्धं हनुवटीवर सांडे. "शेडची टाकी नाही ती," आजी करवादली, आणि पुन्हा चमचा हिसकावून घेतला.

खालच्या खोलीतून जंतू तपासणारी बाई स्वतः वर आली. असं सहसा होत नसावं, कारण नर्स तिच्याकडं बघतच राहिली. तिच्या हातात झाकण लावलेली काचेची उथळ बशी होती. डॉक्टरीणबाईंनी ती उजेडाकडं धरली आणि मग, काय वाटलं कोण जाणे, आईला जवळ बोलावलं.

"हे बघा. हा दुधाळ थर दिसतोय ना, तो तुमच्या मुलाच्या पोटातला जंतू. आणि या गोल चकत्या ठेवल्यात, एकेका औषधात भिजवलेल्या. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू मरतो. मोकळं रिंगण पडतं."

आईनं पाहिलं. पहिल्या नजरेला कुठंच रिंगण दिसलं नाही. दगडाच्या कडेला गवत उगवावं तसा तो दुधाळ थर प्रत्येक चकतीला जाऊन भिडला होता. काही ठिकाणी चकतीवर चढू बघत होता. त्याला घाई नव्हती. तो नुसता तिथं होता, सगळीकडं सारखा.

"आणि ही?" तिनं कडेच्या एका चकतीकडं बोट दाखवलं. तिच्याभोवती नखाएवढी मोकळी जागा होती.

"हे एक उरलंय," तपासणारी बाई म्हणाली.

"मग ते द्या की!"

डॉक्टरीणबाईंनी बोक्याकडं पाहिलं, त्याच्या जिभेवरून बोट फिरवलं. जीभ ओली होती. "ताप उतरायला लागलाय. लघवी झाली तर हे मी देणार नाही. ते अजून टाकीत पोचलेलं नाही. जितके दिवस ते असं राहील तितकं बरं."

ती लघवी आजीच्या मांडीवर झाली. भरपूर, गरम, पार गुडघ्यापर्यंत. म्हातारी किंचाळली. सगळा वॉर्ड दचकला. "मुतला! अहो बाई, मुतला! गंगा आली, गंगा!" ती भिजलेले कपडे तसेच हातात धरून सगळ्यांना दाखवत होती, आणि हसता हसता तिचं रडणं कधी सुरू झालं ते तिलाही कळलं नाही. शेजारच्या खाटेवरची बाई आता मोकळेपणानं हसली. टाकीवाला व्हरांड्यात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

बोका वाचला. पण घरी सोडताना डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर वाचल्याचा आनंद नव्हता.

"जंतू अजून त्याच्या पोटात आहे," त्या म्हणाल्या. "काही आठवडे राहील. त्याची शी उघड्यावर टाकू नका. प्रत्येक वेळी साबणानं हात धुवा. या वेळी तो अंगच्या ताकदीवर निभावला. तिथली बाकीची मुलंही तेच पाणी पितात?"

"सगळीच."

"किती आहेत?"

आई बोटं मोजू लागली. एक हात संपला. दुसरा संपला. मग तिनं मोजणं सोडलं.

"मी वर कळवते आहे. पण वरून माणूस येईस्तोवर दिवस जातील. तोवर तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

तुमचं ऐकतील. आई टेम्पोत बसून वाटभर ते मनात घोळवत होती. सासू शेजारी बोक्याला घट्ट धरून बसली होती. तिनं वाटेत एकदाच तोंड उघडलं. "भोंग्याला आधी सांग. तिला कळलं की सगळ्यांना कळलं." आणि थोड्या वेळानं, "तिला मीच शिकवलं होतं. मुंगी रांगायला लागली तेव्हा."

शेडवर नवा माल आला होता. टेम्पो उभा, खोकी उतरवणं चाललेलं, आतून किलबिल. मालक दारातच होता. त्यानं बोक्याकडं पाहून तोंडभर हसून म्हटलं, "आला का पैलवान? छान. दवाखान्यात काही विचारलं वगैरे?"

टाकीवाल्यानं बायकोकडं पाहिलं. मग, आयुष्यात पहिल्यांदा असेल, मालकाच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "विचारलं. सांगितलं."

मालकाचं हसू जागच्या जागी वाळलं. "बरं," तो म्हणाला. "माल उतरून घे आधी. मग तुझं बघू." आणि पाठ वळवून गेला.

आई त्याच्यासाठी थांबली नाही. बोक्याला सासूकडं देऊन ती सरळ वहिनीच्या दारात गेली. वहिनी बाहेरच चुलीपाशी बसली होती, पितळी वाटीत पाणी आणि त्यात चमचा. तिला पाहून तिनं दोन्ही हात वर केले.

"आलीस गं बाई! आला ना बरा? मी म्हटलंच होतं सगळ्यांना, शेडवरचं पोर आहे, सहज नाही जायचं."

"वहिनी, ते पाणी टाकून द्या."

"कुठलं?"

"हेच. मुंगीला देऊ नका. कुणालाच देऊ नका. त्यात औषध आहे. रोज दिलं की जंतू त्याला सरावतो. मग खरं दुखणं आलं की कुठलंच औषध लागत नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघून आलेय, बशीत."

"बशीत?" वहिनी खो खो हसली. "बशीत काय दाखवलं गं तुला? उंटावरचे शहाणे ते. तुझं पोर वाचलं ते कशानं, सांग बरं. त्यांच्या औषधानं?"

"नाही. त्यांचं औषध लागलंच नाही."

"मग? बोललीस की नाही खरं! हेच पाणी पिऊन तयार झालेला गडी, म्हणून तरला. दुसरं एखादं असतं तर मातीत गेलं असतं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, तशातली गत तुझी. इतकी वर्षं तुझ्या सासूनं सगळ्यांना सांगितलं, तेव्हा चांगलं होतं पाणी. आता तुझ्या एका पोराला काय झालं, तर वाईट?"

आवाज नेहमीसारखाच मोठा होता. पण त्या आवाजाखाली काहीतरी कमी आहे असं आईला वाटलं. इतक्या गलक्यात मुंगी बाहेर आली नव्हती. तिच्याआधी तिची चप्पल यायची, आणि चपलेच्या मागून ती.

"मुंगी कुठं आहे?"

"निजलीय."

"आत्ता? एवढ्या गोंगाटात?"

"दात येतायत तिला," वहिनी म्हणाली. "म्हणून जरा पातळ होतंय. कालपासून. दातांचं आहे ते, दुसरं काही नाही."

आई आत गेली. वास तिला दारातच भेटला आणि तिनं तो ओळखला. मुंगी चटईवर होती, उताणी, डोळे अर्धे उघडे. पायाजवळ गुंडाळलेल्या फडक्यात लाल दोरे होते.

तिनं वहिनीला काही विचारलं नाही. मुलीला उचललं, तशीच छातीशी धरली आणि बाहेर आली. खोकी उतरून झाली होती, टेम्पोवाला मागचं फळकूट लावत होता.

"थांब रे!" ती ओरडली.

"कुठं नेतेस तिला? अगं ए! दात आहेत म्हणते ना!" वहिनी मागं धावली, वाटी कलंडली, पाणी मातीत गेलं. पण ती धावत होती ती अडवायला नव्हे, हे तिच्या पायांवरूनच कळत होतं. टेम्पोपाशी ती आधी पोचली आणि मागं चढून तिनं हात पसरले. आईनं मुंगीला तिच्या हातात दिलं आणि स्वतःही वर चढली.

गलका ऐकून ओळीतली दारं उघडली. पुढच्या खोलीतली बाई उंबऱ्यात आली, मुलाला कडेवर घेऊन. तिनं एकदा टेम्पोकडं पाहिलं, एकदा मुंगीकडं.

"दवाखान्यात चाललात का?" तिनं विचारलं. "मग आमच्यालाही घ्या ना. याचंही सकाळपासून थांबत नाही."

आईनं तिला हात देऊन वर ओढलं. मग ती तिसऱ्या दाराकडं बघत राहिली. तिथंही एक रांगतं मूल होतं, सगळ्या ओळीत रडण्यात पटाईत. दार आतून लोटलेलं होतं. तिनं हाक मारली. टेम्पोचं इंजिन घरघरत होतं म्हणून तिनं आणखी मोठ्यानं हाक मारली, मग खाली उतरून पळत गेली आणि दोन्ही हातांनी दार वाजवू लागली. आतून कसलाच आवाज येत नव्हता.